आधी कुंपण, मग शेत

गेल्या शनिवारी एका मित्राकडे पॉटलक होतं. दहा-बारा मराठी कुटुंबं, खाली बेसमेंटमध्ये पोरांचा दंगा, वर आम्ही मिसळीच्या प्लेटा हातात धरून जगाचे प्रश्न सोडवत उभे. विषय फिरत फिरत नेहमीप्रमाणे ग्रीन कार्डावर आला. आणि आमच्यातलाच एकजण, माझ्यासारखाच वर्षानुवर्षं रांगेत असलेला, म्हणाला, "अरे, त्यांना आधी बॉर्डर तर सिक्युअर करू दे ना. ते झालं की आपल्यासारख्या लीगल लोकांचं आपोआप होईल." चार-पाच माना डोलल्या. माझा रस्सा सांडता सांडता वाचला. यजमानाच्या घरी भांडू नये असं आईने शिकवलंय, म्हणून गप्प बसलो. आठवडाभर मात्र डोक्यातून ते वाक्य जात नाहीये, तेव्हा आज इथे भांडून घेतो.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. (इकडच्या मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा, तुम्हाला झोपेतही पाठ आहे.) नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, त्यातही बायको-मुलं धरून. आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. भारताला ७, आइसलंडलाही ७. हा हिशेब १९९० च्या कायद्यातला. माझी तारीख मार्च २०१५ ची. २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ ची भारतीय रांग डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. म्हणजे मी चार महिन्यांनी हुकलो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती ऑक्टोबर २०११ वर मागे गेली. हो, मागे. २०२५ च्या उन्हाळ्यात ती जानेवारी २०१३ वर उभी होती. माझी मुलगी दोन वर्षांची असताना इकडे आली, आता कॉलेजचे फॉर्म भरायच्या वयाची झालीय. एकविसाव्या वर्षी माझ्या अर्जावरून तिचं नाव गळतं. मग तिने स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढायचा, नाहीतर जो देश तिला सुट्टीत आजीकडे जाण्यापुरता माहीत आहे तिकडे "परत" जायचं.

तेव्हा "आधी बॉर्डर" हे वाक्य माझ्यासाठी टीव्हीवरचा वाद नाही. हे कोडं सुटावं म्हणून काँग्रेसमध्ये जी मोठी विधेयकं आली, त्यांच्या गळ्यात ह्याच वाक्याचा दगड बांधलेला होता.

त्या दगडाला तिकडे 'ट्रिगर' म्हणतात. आपल्या भाषेत, एक इफ-कंडिशन. सीमा सुरक्षित झाली असं कुणीतरी सर्टिफाय करायचं, आणि मगच पुढचा कोड चालणार. कागदपत्रं नसलेल्यांना कायदेशीर दर्जा, नवे व्हिसा, जे काही असेल ते सगळं त्या इफच्या आत. ऐकायला किती वाजवी आहे बघा. आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा. मलाही बरीच वर्षं पटायचं.

आणि ह्या मागणीमागे खरी तक्रार आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. ६ नोव्हेंबर १९८६ ला रेगनसाहेबांनी एका कायद्यावर सही केली. सौदा असा होता की १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना माफी, आणि बदल्यात यापुढे बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड. काही शेतमजूर धरून सुमारे २७ लाख लोकांना माफी मिळाली. दंडाचं मात्र भजं झालं. लोक म्हणतात, "तेव्हा फसलो, आता आधी सुरक्षा दाखवा." ठीक आहे. पण फसले कुठे, हे कुणी बघत नाही. तो कायदा सीमेवर फसला नाही, तो कारखान्याच्या दारात फसला. मालकाने आय-९ फॉर्म भरायचा, आणि समोर आलेलं कागदपत्र वरवर खरं वाटलं की त्याचं काम संपलं. खरं आहे की नाही हे तपासायची त्याच्यावर सक्तीच नव्हती. खोटी सोशल सिक्युरिटी कार्डं काढणाऱ्यांचा धंदा जोरात चालला. शेतमालकांना, हॉटेलवाल्यांना, कत्तलखान्यांना स्वस्त कामगार हवा होता आणि तो मिळत राहिला. म्हणजे चोर स्वयंपाकघरात, आणि आपण चाळीस वर्षं अंगणाची भिंत उंच करतोय.

भिंत केवढी उंच केली तेही बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉर्डर पेट्रोलमध्ये चारेक हजार माणसं होती. २००९ पर्यंत ती २० हजारांवर गेली. ह्याच काळात देशातल्या कागदपत्रं नसलेल्यांची संख्या, प्यू रिसर्चच्या अंदाजानुसार, १९९० मधल्या ३५ लाखांवरून २००७ मध्ये १ कोटी २२ लाखांवर पोचली. पहारा पाचपट, लोक साडेतीनपट. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी ह्यांनी ह्याचं एक कारण शोधलंय आणि ते कळल्यावर मी कपाळाला हात लावला. पूर्वी मेक्सिकोतला माणूस हंगामात यायचा, पैसे कमवायचा, परत जायचा. आपल्याकडचे ऊसतोड कामगार कारखान्याचा पट्टा पडला की गावी जातात, तसंच. सीमा ओलांडणं महाग आणि जिवावरचं झालं, तेव्हा त्याने परत जाणंच बंद केलं आणि बायकापोरांनाही बोलावून घेतलं. दार आवळलं ते बाहेर जायचं!

आता २००७. मी तेव्हा पुण्यात होतो, नुकतंच लग्न झालेलं, अमेरिकेची स्वप्नं बघायचो आणि ऑफिसात बसून ही बातमी रिफ्रेश करायचो. बुश आणि टेड केनेडी एका बाजूला, असं दुर्मीळ दृश्य. त्या विधेयकात ट्रिगर अगदी आकड्यांत लिहिले होते. बॉर्डर पेट्रोलचे १८ हजार लोक (वाद झाल्यावर २० हजार), ३७० मैल कुंपण, गाड्या अडवायला वेगळे अडथळे, रडार-कॅमेऱ्याचे मनोरे, चार ड्रोन. तरी विश्वास बसेना म्हणून बुश म्हणाले, चला, ४.४ अब्ज डॉलर आधीच बाजूला काढून ठेवतो. २८ जून २००७ ला सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ५३ मतांनी ते पडलं.

गंमत पुढे आहे. विधेयक पडलं, पण ट्रिगर पुरे झाले! २० हजारांची भरती झाली. २००६ च्या वेगळ्या कायद्याखाली कुंपण होतच होतं, ते वाढत वाढत गाड्यांचे अडथळे धरून ६५० मैलांच्या घरात गेलं. २००० साली बॉर्डर पेट्रोलने १६ लाखांवर लोक पकडले होते, २०११ मध्ये साडेतीन लाखांच्याही आत. म्हणजे २००७ ला ज्यांनी "हे एवढं करा, मग बोलू" म्हटलं, त्यांच्यासमोर ते जवळजवळ सगळं करून ठेवलं. मग ते बोलले का? छे. मे २०११ मध्ये ओबामा एल पासोला जाऊन वैतागून म्हणाले होते की आता ह्यांना खंदक लागेल आणि त्यात मगरी. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण मी असा क्लायंट बघितलाय.

पुण्यात असताना आमच्या टीमकडे एक फिक्स्ड-बिड प्रोजेक्ट होता. क्लायंटचं नाव सांगत नाही. युएटीला आम्ही लिस्टमधली सगळी टेस्ट केसेस पास करून दाखवली. तर त्यांचा मॅनेजर म्हणाला, "छान, पण युझर एक्स्पिरियन्स समाधानकारक नाही." समाधानकारक म्हणजे किती, तर ते सांगता येत नाही, बघितल्यावर कळेल. चार महिने आम्ही 'समाधानकारक'च्या मागे धावलो. नंतर कळलं की सही केली की पेमेंट करावं लागणार होतं आणि त्या क्वार्टरला त्यांच्याकडे बजेटच नव्हतं. सही न करण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्याच हातात पेन दिलं की डेफिनिशन ऑफ डन कधीच पुरी होत नाही. लग्नात मानपान पुरा झाला की नाही हे वरबापच ठरवणार असेल तर कुठला मुलीचा बाप जिंकेल?

आणि सीमेच्या बाबतीत तर व्याख्याच मुळात अशक्य करून ठेवलीय. २००६ च्या सिक्युअर फेन्स अ‍ॅक्टमध्ये 'ऑपरेशनल कंट्रोल' म्हणजे काय हे लिहिलंय. सगळे, पुन्हा सांगतो, सगळे बेकायदा प्रवेश रोखणं. एकही माणूस नाही, अमली पदार्थाची एकही पुडी नाही. जवळपास दोन हजार मैलांची नुसती दक्षिण सीमा, त्यात वाळवंट, नदी, डोंगर. शून्य बग असलेलं सॉफ्टवेअर कुणी करारात लिहून मागितलं तर तुम्ही सही कराल? सरकारने मग आपल्या सोयीने सौम्य अर्थ लावला. २०११ मध्ये ऑडिट करणाऱ्या जीएओने सांगितलं की त्या सौम्य अर्थानेही ८७३ मैल, म्हणजे ४४ टक्केच सीमा ताब्यात आहे. मग गृहसुरक्षा खात्याने ते मोजमापच वापरायचं सोडून दिलं. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ह्याच व्याख्येचा आधार घेऊन मंत्री मायोर्कास ह्यांच्यावर हाउसने २१४-२१३ अशा एका मताने महाभियोग लावला. (सिनेटने तो एप्रिलमध्ये निकालात काढला.) मायोर्कास ह्यांचं काम चांगलं होतं की वाईट ह्यावर वाद घाला, जरूर घाला. पण त्या व्याख्येत आजवरचा एकही मंत्री पास होत नाही, कुठल्याही पक्षाचा.

२०१३ मध्ये आठ सिनेटरांनी, चार इकडचे चार तिकडचे, हे शून्याचं खूळ टाळायचा प्रयत्न केला. त्यांनी म्हटलं, ९० टक्के 'इफेक्टिव्हनेस' पुरे. सूत्र असं की पकडलेले अधिक मागे फिरलेले, भागिले आत यायचा प्रयत्न करणारे एकूण. आता कुठल्याही इंजिनियरने छेदाकडे बघावं. एकूणात निसटलेलेही येतात. जे निसटले ते मोजायचे कसे? जेवढी नजर चांगली तेवढे निसटलेले जास्त दिसणार, म्हणजे कॅमेरे वाढवले की तुमचा स्कोअर पडणार! आणि कॅमेरे बंद ठेवले तर १०० टक्के.

कॅमेऱ्यांवरून आठवलं. २००६ मध्ये बोईंगला एसबीआयनेट नावाचं काम दिलं होतं. सीमेवर मनोरे, रडार, सेन्सर आणि सगळं एका स्क्रीनवर. ॲरिझोनात पहिल्या २८ मैलांचा पायलट उशिरा आला, पाऊस पडला की रडार गोंधळायची, कॅमेरा वळेपर्यंत माणूस पुढे निघून जायचा. २०११ च्या जानेवारीत प्रकल्प गुंडाळला तेव्हा ५३ मैलांसाठी सुमारे एक अब्ज डॉलर गेले होते. आपल्या धंद्यातल्या माणसाने हे वाचलं की त्याला खर्चाचं नाही, त्या कुठल्यातरी इंटिग्रेशन टीमचं वाईट वाटतं. पण मुद्दा हा की अशा प्रकल्पाच्या डिलिव्हरी डेटवर लाखो माणसांचं आयुष्य टांगून ठेवायचं? १९९६ च्या कायद्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाची नोंद ठेवणारी यंत्रणा दोन वर्षांत उभी करा म्हटलं होतं. सतरा वर्षांनी, २०१३ च्या विधेयकात, तीच गोष्ट पुन्हा ट्रिगर म्हणून लिहावी लागली. (आणि व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहून गेलेले लोक ह्याच यंत्रणेने सापडले असते. ते काही कुंपण चढून येत नाहीत, ते विमानाने येतात, खिडकीची सीट मागून घेतात.)

तर २०१३. ९० टक्क्यांवर विरोधकांचं समाधान होईना, म्हणून कॉर्कर आणि होवेन ह्या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी दुरुस्ती आणली. बॉर्डर पेट्रोल दुप्पट, म्हणजे ३८,४०५ माणसं. ७०० मैल कुंपण. सगळ्या मालकांना ई-व्हेरिफाय सक्तीचं, म्हणजे १९८६ ला राहिलेलं खरं काम. एकूण ४६.३ अब्ज डॉलर. हे सगळं झाल्याशिवाय कागदपत्रं नसलेल्या बहुतेकांना ग्रीन कार्ड नाही, आणि झालं तरी किमान दहा वर्षं थांबा. एक सुटकेचं दार होतं, की कोर्टकज्ज्यांमुळे किंवा अस्मानी संकटाने काम अडकलं तर दहा वर्षांनंतर मार्ग मोकळा व्हावा. ह्याला 'पळवाट' म्हणून फार झोडपलं. मला विचाराल तर त्या विधेयकातलं तेच सगळ्यात शहाणं कलम होतं. सरकारच्या अपयशाचा दंड अर्जदाराने किती वर्षं भरायचा ह्याला तिथे निदान एक सीमा घातली होती.

आणि त्याच विधेयकात आमची सुटका होती. नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची ७ टक्क्यांची देशनिहाय मर्यादा रद्द. बायको-मुलं कोट्यात मोजायची नाहीत. (भारतीय आयटी कंपन्यांवर त्यात कडक अटीही होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या बड्या कंपन्या खूश नव्हत्या. ते वेगळं भांडण.) २७ जून २०१३ ला ६८-३२ ने मंजूर. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, पोरगी मिडल स्कूलला जाईस्तोवर आपलं काम होतंय. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

हाउसने ते मतदानालाच घेतलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत स्पीकर बेनर ह्यांनी जे कारण दिलं त्याचा मथितार्थ असा, की कायदा केला तरी राष्ट्राध्यक्ष तो राबवतील ह्यावर आमच्या लोकांचा विश्वास नाही. बघा हं. आकडे नाहीत, मैल नाहीत, माणसं नाहीत, तर विश्वास. युझर एक्स्पिरियन्स समाधानकारक नाही.

पुन्हा एकदा २०२४. लँकफर्ड, मर्फी, सिनेमा ह्या तिघांनी बांधलेलं विधेयक. ह्यात तर कागदपत्रं नसलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग नव्हताच. आठवडाभर दिवसाची सरासरी ५,००० वर गेली की बहुतेकांचा आश्रयाचा मार्ग बंद, अशी उलटी ट्रिगर. म्हणजे 'बॉर्डर फर्स्ट'वाल्यांना हवं ते. आणि कोपऱ्यात आपल्यासाठी थोडं, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी, आणि लहानपणी आलेल्या मुलांना एकविसाव्या वर्षी न गळण्याचं संरक्षण. माझ्या मुलीचं कलम! ट्रम्प म्हणाले नको, आणि ७ फेब्रुवारीला ४९-५० ने ते संपलं.

मित्राला हेच सांगायचं होतं. २०२३ च्या डिसेंबरात बॉर्डर पेट्रोलने दक्षिण सीमेवर जवळपास अडीच लाख लोक पकडले होते. २०२५ च्या मार्चमध्ये साधारण ७,२००. कित्येक दशकांत नव्हती एवढी शांतता, असं सरकार स्वतःच सांगत होतं. ती कशा पद्धतीने आणली ह्यावर मला बरंच म्हणायचंय, ते पुन्हा कधी. पण तुझी कंडिशन ट्रू झाली ना? मग इफच्या आतला कोड चालला का? चाललं ते एवढंच, की ४ जुलै २०२५ च्या कायद्यात भिंतीसाठी आणखी ४६.५ अब्ज डॉलर आले. २०१३ च्या विधेयकातल्या आकड्याच्या किती जवळ! फरक इतकाच, की त्या वेळी बदल्यात काहीतरी मिळणार होतं.

ह्यावर आमच्यातले काही म्हणतात, "आपण लीगल, आपलं वेगळं विधेयक आणा." आणलं की. देशनिहाय मर्यादा काढणारं स्वतंत्र विधेयक २०१९ च्या जुलैत हाउसमध्ये ३६५-६५ ने पास झालं, आणि २०२० च्या डिसेंबरात सिनेटने आपली आवृत्ती पास केली. दोन्ही जुळवण्याआधी मुदत संपली. कुंपणापासून सुटं केलं तेव्हाच ते एवढं पुढे गेलं, हे लक्षात घ्या. मग ते सुटंच राहावं म्हणून आपण ओरडायचं, की "आधी बॉर्डर" म्हणत स्वतःच्या हाताने पुन्हा कुंपणाला बांधायचं?

आणि "ते" आणि "आपण" हीसुद्धा गंमतच आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान हातकड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी कुणीतरी टाळ्यांचे इमोजी टाकले होते. त्यातल्या एकाचा एच-१बी पुढच्या महिन्यात एक्स्टेन्शनला होता, आणि ट्रॅफिकचं तिकीट लपवावं की सांगावं ह्यावर तो त्याच ग्रुपवर सल्ला मागत होता.

काल रात्री न राहवून मी त्या पॉटलकवाल्या मित्राला मेसेज केला. वाद नको, फक्त एक आकडा दे. महिन्याला किती लोक पकडले गेले की सीमा सिक्युअर झाली असं तू म्हणशील? ७,२०० पुरेत का?

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "पॉइंट आहे. पण अरे, कॅनडाच्या बॉर्डरचं काय?"